इंदूर नंबर एक, मग ओट्याखाली झुरळं कशी?

सकाळी सातच्या सुमारास आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, सॅनिटरी वेगळं, घातक वेगळं, ई-कचरा वेगळा. ही सहा खात्यांची वाटणी इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा पहिला नंबर कुणी हलवू शकलेलं नाही. 2023 मध्ये तेवढा तो सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, आणि पुढे तर आमच्यासारख्या शहरांसाठी 'सुपर स्वच्छ लीग' नावाची वेगळी पंगतच मांडली गेली.

आणि याच शहरात रात्री साडेबाराला मी पाणी प्यायला उठते, दिवा लावते, तर ओट्यावरची पाच-सहा झुरळं सरसर मिक्सरच्या बुडाखाली पसार.

ही कैफियत माझ्या एकटीची नाही. रामबागेतल्या जुन्या घरात राहणारी आत्या तेच सांगते, आणि विजय नगरच्या सातव्या मजल्यावरची मैत्रीणही. दोघींचं वाक्य जवळजवळ सारखं: "आत्ताच तर पेस्ट कंट्रोल करून घेतलं, तरी आहेतच!" या 'तरी'चं उत्तर शोधताना मला कळलं, की आपण झुरळाशी लढत असतो, पण कुठल्या झुरळाशी आणि ते कुठून येतंय, हे बघतच नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार.

स्वच्छ गल्ली आणि ओली फट

किडा घरात येतो तो तीन गोष्टींसाठी: खाणं, पाणी आणि लपायला जागा. चौथी गोष्ट म्हणजे आत यायची वाट. महापालिका रस्त्यावरचा उकिरडा उचलते, म्हणजे बाहेरची पंगत बंद करते. घरातली पंगत मात्र आपल्याच हातात असते. ओला कचरा सकाळी सातला जातो हे खरं, पण रात्री दहा ते सकाळी सात तो सिंकखालच्या डब्यात झाकण अर्धवट उघडं ठेवून बसलेला असतो. झुरळ निशाचर. त्याच्या जेवणाची वेळ नेमकी हीच.

त्यातही खाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं. स्वयंपाकघरातलं छोटं झुरळ अन्नावाचून काही आठवडे काढतं. पाणी नसेल तर त्याचे पंधरा दिवसही निघत नाहीत. म्हणून चकचकीत पुसलेल्या घरातही, सिंकच्या कोपऱ्यात पिळून न ठेवलेली घासणी, फ्रिजमागच्या तबकडीत साचलेलं पाणी, आरओच्या नळीतून ठिबकणारा थेंब, एवढ्यावर एक कुटुंब सुखाने नांदू शकतं. आपण 'खरकटं ठेवू नका' म्हणत आलो. 'रात्री सिंक कोरडा करा' असं आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

आधी बघा, झुरळ कुठलं

आपल्या घरात साधारण दोन जातींची झुरळं असतात, आणि दोघांचे स्वभाव एकमेकांपासून लांब. एकासाठी केलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. तेव्हा चप्पल उचलण्याआधी दोन सेकंद नीट बघून घ्या.

मोठं, तांबूस-तपकिरी, बोटाच्या दोन पेरांएवढं, म्हणजे साडेतीन-चार सेंटीमीटरचं. हे अमेरिकन झुरळ. याचं खरं घर गटार, चेंबर, ड्रेनेजची पाइपलाइन. तुमच्या घरी ते पाहुणा म्हणून येतं, बहुतेक वेळा मोरीतून किंवा संडासातून.

लहान, फिकट तपकिरी, जेमतेम सव्वा-दीड सेंटीमीटर, आणि डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. हे गटारात राहत नाही. ते तुमच्या स्वयंपाकघरातच जन्मतं आणि तिथेच मरतं. ट्रॉलीच्या बिजागऱ्या, फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरचं बूड, आरओचं कव्हर, अशा उबदार आणि अंधाऱ्या जागा त्याच्या.

पुष्कळदा लोक लहान झुरळाला मोठ्याचं पिल्लू समजतात. तसं नाही. पूर्ण वाढलेल्या झुरळाला, लहान असो की मोठं, पंख असतात. बिनपंखाचं असेल ते पिल्लू. आणि ओट्यावर लहान-मोठी, काळपट, बिनपंखाची अशी सगळी पिढी एकदम दिसली, तर समजायचं की घरात वसाहत झाली आहे.

मोठं झुरळ आणि पाण्याचा पडदा

मोठ्याचं आधी सांगते, कारण त्याचा उपाय इतका सोपा आहे की लाज वाटावी.

मोरीतल्या जाळीखाली एक वाडग्यासारखा भाग असतो. प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्यात कायम थोडं पाणी साचून राहावं अशीच त्याची घडण असते. साधारण 50 मिलिमीटर उंचीचा हा पाण्याचा पडदा गटाराचा वास अडवतो, आणि झुरळालाही. वाड्याच्या दिंडी दरवाजासमोर खंदक असावा, तसा.

खंदक आटला की संपलं. उन्हाळ्यात आपण पंधरा-वीस दिवस पुण्याला किंवा नाशिकला जातो. इकडे इंदूरच्या कोरड्या उन्हात ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. परत येऊन कुलूप उघडावं तर न्हाणीघरात चार मोठी झुरळं मिशा हलवत स्वागताला हजर. घर तर बंद होतं, मग आली कुठून? बंद होतं म्हणूनच आली! गावाला जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर प्लास्टिकची पिशवी आणि एखादं जड भांडं ठेवलं की काम झालं. वापरात नसलेल्या न्हाणीत आठवड्यातून एकदा पाणी ओतायचं.

दुसरी वाट सिंकखाली असते. खाली वाकून बॅटरीने बघा. सिंकचा वळ्यावळ्यांचा पाइप जमिनीतल्या मोठ्या पाइपमध्ये नुसता खोचलेला असतो आणि भोवताली अंगठा जाईल एवढी फट. आमच्याकडे अकरा वर्षं ती तशीच होती. प्लंबरने पाइप टाकला, पैसे घेतले, गेला. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची रबरी रिंग मिळते. ती बसवल्यावर सिंकखालून येणारी मोठी झुरळं थांबली ती आजतागायत. त्याआधीच्या अकरा वर्षांत फवाऱ्याचे किती डबे रिकामे केले, तो हिशेब मी मांडत नाही.

जर्मन नावाचं देशी झुरळ

लहान झुरळ हे मात्र चिवट प्रकरण. आधी त्याच्या नावाची गंमत.

1767 मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला 'जर्मॅनिका' असं नाव दिलं, आणि जगभर जर्मनीच्या माथी ते बसलं. खरं तर रानावनात मोकळं राहणारं हे झुरळ कुठेच सापडत नाही, ना जर्मनीत, ना आणखी कुठे. ते माणसाच्या घरातच असतं. मग मूळचं कुठलं? 2024 मध्ये संशोधकांनी 17 देशांतल्या 281 झुरळांची जनुकं तपासली आणि उत्तर दिलं: भारत किंवा म्यानमार. सुमारे 2100 वर्षांपूर्वी इकडच्या रानातल्या आशियाई झुरळापासून ते वेगळं झालं आणि माणसाच्या वस्तीत शिरलं. सुमारे 1200 वर्षांपूर्वी ते पश्चिमेला मध्यपूर्वेकडे सरकलं. मग युरोपीय कंपन्यांची जहाजं आली आणि त्यांच्या गोण्या-पेट्यांतून ते जगभर पोचलं. म्हणजे परदेशी नाव घेतलेला आपलाच भाऊबंद. दोन हजार वर्षं आपल्या चुलीशेजारी काढलेला प्राणी एका फवाऱ्याने घर सोडेल, ही अपेक्षाच जरा भाबडी आहे.

त्याचं गणितही ऐका. मादी आपली अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला लावूनच फिरते. कुपी म्हणजे टणक पाकीट, पर्ससारखं. त्यात 30 ते 40 अंडी. पिल्लं बाहेर पडायच्या बेताला आली की मगच ती कुपी सोडते. (मोठ्या झुरळाच्या कुपीत साधारण 16 अंडी असतात, आणि ते ती कुठेतरी चिकटवून निघून जातं.) दोन-तीन महिन्यांत पिल्लं वयात येतात. एका मादीच्या आयुष्यात अशा चार-पाच कुप्या सहज होतात.

त्याला जागा किती लागते? तीन नाणी एकावर एक ठेवा. साधारण तेवढी, पाचेक मिलिमीटरची फट त्याला सगळ्यात आवडते, कारण पाठ आणि पोट दोन्ही भिंतीला टेकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पिल्लाला एका नाण्याएवढी फट पुरते. मी खरंच एक रुपयाचं नाणं घेऊन स्वयंपाकघरात फिरले. ओटा आणि भिंत यांच्यामधली चीर, खिडकीच्या चौकटीचा कोपरा, स्विचबोर्डाची कड, ट्रॉलीच्या पट्टीमागची पोकळी. सतरा ठिकाणी नाणं आत गेलं. एका ठिकाणी गेलं ते परत आलंच नाही, अजून तिथेच आहे.

फवाऱ्याचं नेमकं काय बिनसतं

बाजारातल्या बहुतेक फवाऱ्यांत 'पायरेथ्रॉइड' गटाचं औषध असतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटक मारणारा अंश आहे. त्याची ही कारखान्यात केलेली नक्कल. ते किड्याच्या मज्जातंतूंवर काम करतं. झुरळ उलटं होतं, पाय झाडतं, आपल्याला समाधान मिळतं.

पण उलटं झालेलं झुरळ हे त्या रात्री फिरायला बाहेर पडलेलं झुरळ असतं. वसाहतीतली बरीचशी मंडळी, विशेषतः अंडी वागवणाऱ्या माद्या आणि बारकी पिल्लं, फटीतच असतात. फवारा तिथवर पोचत नाही. कुपीच्या टणक कवचातूनही तो आत जात नाही. शिवाय या औषधांचा उग्रपणा झुरळाला जाणवतो. आमच्याकडे आलेला पेस्ट कंट्रोलवाला भैया सगळ्या ओट्याखाली पंप मारून "मॅडम, सब खतम" म्हणून गेला, आणि त्याच रात्री स्वयंपाकघरातली झुरळं बैठकीत पुस्तकांच्या कपाटात दिसली. त्याआधी ती तिथे कधीच नव्हती. आम्ही त्यांना मारलं नव्हतं, नुसती बदली केली होती.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शंभर झुरळांतली नव्वद औषधाने मेली, तर उरलेल्या दहांत काहीतरी असं असतं की औषध त्यांना बाधत नाही. पुढची पिढी त्या दहांची. पुन्हा तेच औषध मारलं की पुन्हा निवड होते. यालाच शास्त्रज्ञ 'रेझिस्टन्स' म्हणतात. आपल्या भाषेत, औषधाला दाद न देणं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की जर्मन झुरळांची दाद न देण्याची ताकद एकाच पिढीत चार ते सहा पट वाढू शकते, आणि कधीकधी जे औषध त्यांनी पाहिलेलंही नाही त्यालाही ती पुरते. परीक्षेला एकच पेपर दरवर्षी आला की पोरं उत्तरं पाठ करतात. इथे तर पोरं न आलेल्या पेपराचीही तयारी करून बसलेली.

आणखी एक किस्सा आहे, तो मला सगळ्यात आवडतो. पूर्वी झुरळांच्या विषारी आमिषात ग्लुकोज घालत, गोडाला भुलून त्यांनी खावं म्हणून. काही वर्षांनी अशी झुरळं आढळली जी ते आमिष तोंडही न लावता सोडून देत. 2013 मध्ये कारण सापडलं: त्या झुरळांच्या जिभेला (झुरळाला जीभ कसली, तोंडाजवळच्या चव घेणाऱ्या केसांना म्हणा) ग्लुकोज कडू लागायला लागलं होतं. गोड कडू लागणारी जेवढी होती तेवढी जगली, आणि त्यांचीच प्रजा वाढली. सराफ्याच्या खाऊगल्लीत जिलबी समोर ठेवली तर तोंड फिरवणारा इंदुरी माणूस मी अजून पाहिलेला नाही. झुरळाने ते करून दाखवलं.

जेल: उशिरा मारणारं म्हणून उपयोगाचं

सध्या जर्मन झुरळावर सगळ्यात चांगलं चालतं ते जेल. इंजेक्शनसारख्या नळीत येतं. त्यात खाऊ असतो आणि थोडंसं विष, बहुधा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड.

लोकांची पहिली तक्रार हीच, की जेल लावलं आणि झुरळ ते खाऊन आरामात चालत गेलं. तसंच व्हायला हवं! ते फटीत परत जातं, तिथे विष्ठा टाकतं, तिथेच मरतं. बाहेर कधी न पडणारी पिल्लं ती विष्ठा खातात आणि मेलेल्याचं कलेवरही खातात. असं विष फटीच्या आत पोचतं, जिथे आपला पंप कधीच पोचणार नव्हता. पत्ता झुरळालाच ठाऊक असतो, म्हणून पार्सल त्याच्याच हाती द्यायचं.

लावायची रीत सोपी आहे, पण चुकतात सगळे. मोठा गोळा लावायचा नाही. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके, पण पुष्कळ ठिकाणी: बिजागरीशी, ड्रॉवरच्या आतल्या कोपऱ्यात, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ. जिथे काळे बारीक दाणे, चहाच्या भुकटीसारखे, पडलेले दिसतात तिथे नक्की. ती त्यांची विष्ठा, आणि तिच्या वासावर बाकीची झुरळं तिथे गोळा होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जेल लावलं की त्या भागात फवारा मारायचा नाही, फिनेल पुसायचं नाही. फवाऱ्याच्या वासाने झुरळ जेलकडे फिरकतच नाही. आमच्या त्या भैयाने आधी पंप मारला आणि त्याच ओल्या पट्ट्यावर जेलचे ठिपके ठेवले. दोन्हीचे पैसे घेतले आणि दोन्ही वाया घालवले.

पंधरा दिवस वाट बघा. ठिपके संपले किंवा वाळले तर नवे लावा. काही महिन्यांनी दुसऱ्या औषधाचं जेल घ्या, पेपर बदलला पाहिजे. घरात रांगतं मूल, कुत्रा-मांजर असेल तर ठिपके फटीच्या आतच, हाताला न लागतील असे.

"पण आमच्या आईचे उपाय होतेच की"

होते, आणि त्यांतले काही चांगले होते. आजी कडधान्याला राख चोळून ठेवायची. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो अंगातलं पाणी धरून ठेवतो. राखेचे बारीक कण तो थर बिघडवतात आणि किडा सुकून मरतो. ही शुद्ध विज्ञानाची गोष्ट आहे, आजीला फक्त तिचं नाव माहीत नव्हतं. बोरिक पावडरही जुनी आणि कामाची; पण ती पोटात गेली तर माणसालाही बाधते, तेव्हा ओट्यावर नाही, मुलांचा हात जाईल तिथे तर नाहीच.

तमालपत्र, लवंगा, काकडीच्या साली यांवर माझा फारसा विश्वास नाही. वासाने किडा बाजूला सरकेल, घर सोडणार नाही. डांबरगोळ्या सिंकमध्ये टाकायची सवय तर सोडूनच द्या, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या मुळीच ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते. त्यांच्या तांबड्या पेशी या वासाने फुटू शकतात.

भिंतीत खोचायची ती 'अल्ट्रासॉनिक' मशीनं? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2001 मध्ये अशा साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती, की दाव्यांना शास्त्रीय आधार दाखवा. आमच्याकडचं मशीन मी उघडलं होतं. आत झुरळ होतं. उबेला आलं होतं बिचारं.

"मारणं पटत नाही हो"

आमच्या शेजारच्या भाभी जैन आहेत. इंदुरात अशी घरं खूप. त्यांचं म्हणणं मी थट्टेवारी नेत नाही, कारण खरं सांगायचं तर शास्त्रही त्यांच्याच बाजूने झुकतं. 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' असा एक जड शब्द आहे. त्याचा अर्थ एवढाच: आधी वाट बंद करा, मग पाणी तोडा, मग खाणं आवरा, आणि एवढं करूनही उरलं तर शेवटी औषध, तेही नेमकं तिथेच. भाभींनी पहिल्या तीन पायऱ्या कसोशीने केल्या. भेगा पांढऱ्या सिमेंटने भरल्या, पाइपभोवती एम-सील लावलं, रात्री सिंक फडक्याने कोरडा. किराणाची पुठ्ठ्याची खोकी दारातच रिकामी करून परत पाठवतात, कारण खोक्यांच्या नागमोडी पोकळीत कुप्या बसून येतात. त्यांच्याकडे आज माझ्यापेक्षा झुरळं कमी आहेत. चौथ्या पायरीची त्यांना गरजच पडली नाही.

भाडेकरूंना आणि फ्लॅटवाल्यांना एक अडचण येते: आपण सगळं केलं आणि शेजाऱ्यांनी नाही केलं तर? खरं आहे, पाइपांची डक्ट सगळ्यांची एकच असते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगनंतर हाही विषय घ्यावा लागतो. एका मजल्यावर जेल आणि दुसऱ्यावर फवारा असं झालं, तर फवाऱ्याच्या मजल्यावरची मंडळी दुसरीकडे राहायला जाणार.

बाकीच्या मंडळींबद्दल थोडक्यात

मुंग्या रांगेने येतात कारण पुढची मुंगी वासाची खूण टाकत जाते. रांग साबणाच्या पाण्याने पुसली की रस्ता पुसला. खडूची लक्ष्मणरेषा ओढली तर त्या वळसा घालून येतात (आणि त्या खडूतही कीटकनाशकच असतं, हे पाटीवर लिहायला खडू शोधणाऱ्या नातवाला ठाऊक नसतं).

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कूलर, टाकी, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. घासायचीच, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. नर्मदेचं पाणी भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांनी हे जास्त लक्षात ठेवावं. पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारे आणि पंख गाळणारे किडे बहुधा वाळवीचे; पंख घराच्या आतच ढिगाने पडलेले दिसले तर चौकटी ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का.

गव्हातल्या गोळ्यांचं मात्र सविस्तर

एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरायची आपली रीत. सोंडे पडू नयेत म्हणून काही जण कोठीत 'सल्फास'च्या गोळ्या ठेवतात. दुकानदार कागदात गुंडाळून देतोही. ही अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्यावर उतारा नाही. बंद खोलीत, कोठीशेजारी झोपलेली माणसं यात दगावली आहेत, आणि वायू दाराखालून शेजारच्या खोलीतही जातो. हे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोदामात वापरायचं आहे, घरात नव्हे. कोठी गॅलरीत ठेवली तरी नव्हे.

गहू कडक उन्हात वाळवा, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरा. हाताला एरंडेल लावून चोळायची जुनी पद्धत चांगली आहे, तुरीला तर फारच. तेलाच्या थराखाली भुंगेऱ्याची अंडी गुदमरतात. रवा-बेसन थोडंच असेल तर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात.

तसंच 'नुवान'. कित्येक पेस्ट कंट्रोलवाले आणि काही काका लोक अजूनही त्याची आठवण काढतात, "एकदा मारलं की महिनाभर बघायला नको." त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर भारतात 2020 च्या अखेरपासून बंदी आहे. घरी कुणी फवारायला आलं तर डबा मागून बघा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. बिनलेबलाच्या बाटलीतून ओतणाऱ्याला चहा द्या आणि परत पाठवा.

एक चिकट पट्टी

हे सगळं करून फरक पडतोय की नाही हे कळायला मी दहा-वीस रुपयांची चिकट पट्टी वापरते. उंदरांसाठी मिळते तशी, पण लहान. रात्री सिंकखाली एक, फ्रिजमागे एक, न्हाणीच्या दाराशी एक. सकाळी मोजायचं. कुठल्या पट्टीवर किती, लहान की मोठं, आणि कुठल्या कडेने चढलं. पहिल्या आठवड्यात सिंकखाली एका रात्रीत चौदा होती. जेल लावल्यावर तीन आठवड्यांनी एक. मग शून्य.

काल सकाळी पाहुण्यांच्या न्हाणीपाशी एक सापडलं. मोठं, तांबूस, जाळीच्या बाजूने चढलेलं. भाऊ परत गेल्यापासून ती न्हाणी तीन आठवडे कुणी उघडलीच नव्हती. तांब्याभर पाणी ओतून आले.